मरीन ड्राइव्ह : राणीचा रत्नहार, रयतेचा कट्टा

काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील वेदीसेवकांना घेऊन मी मुंबईला गेलो होतो. कुलाब्याचे होली नेम कॅथेड्रल पाहून झाले, वस्तुसंग्रहालय पाहून झाले आणि संध्याकाळी आम्ही सारे मरीन ड्राइव्हवर येऊन पोहोचलो. सूर्य समुद्राकडे उतरत होता. मुलांनी धावत जाऊन कट्ट्यावर जागा पकडल्या. एक मुलगा मात्र उभाच राहिला. अकरा वर्षांचा असेल. खिशात हात घालून तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “फादर, इथे बसायचे किती पैसे?”

मी हसून म्हटले, “काही नाही रे बाळा, बस.” तो बसला. पण त्याचा प्रश्न काही केल्या माझ्या मनातून जाईना. सकाळपासून त्या मुलाने प्रत्येक ठिकाणी कुणीतरी पैसे मोजताना पाहिले होते. एवढ्या सुंदर जागेला तिकीट नसेल, हे त्याला खरे वाटत नव्हते. आणि खरे सांगायचे तर, ही जागा फुकट का आहे, ती कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या कष्टाने निर्माण झाली, हे त्या क्षणी मलाही नीट सांगता आले नसते. पुढे सवडीने वाचन केले. त्या वाचनातून जो इतिहास हाती आला, तो वाचक बंधुभगिनींसमोर ठेवावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

समुद्र कुठवर होता?

आज चर्चगेट स्थानकातून बाहेर पडणारा माणूस पश्चिमेकडे पाच-सात मिनिटे चालतो तेव्हा कुठे त्याला समुद्र दिसतो. आपल्या पणजोबांच्या काळी एवढे चालण्याची गरज नव्हती. मलबार टेकडी आणि कुलाबा यांच्यामधल्या अर्धवर्तुळाकार उपसागराला इंग्रज ‘बॅक बे’ म्हणत. त्याच्या लाटा आजच्या रेल्वेमार्गाच्या आसपास येऊन फुटत. मरीन लाइन्स हे नाव ऐकून पुष्कळांना वाटते की ते समुद्रावरून पडले असावे. वस्तुतः त्या भागात मरीन बटालियन या लष्करी पलटणीच्या बराकी होत्या. बराकींच्या ओळी म्हणजे ‘लाइन्स’, त्यावरून ते नाव आले.

या किनाऱ्याशी आपल्या समाजाचेही जुने नाते आहे. पोर्तुगीजांच्या काळात किल्ल्याबाहेरील मोकळ्या मैदानात आशामातेचे, म्हणजे ‘नोस्सा सेन्योरा दि एस्पेरांसा’चे चर्च उभे होते. १८०३ च्या मोठ्या आगीनंतर इंग्रजांनी किल्ल्यासभोवतीचे मैदान मोकळे करण्याचे ठरविले. तोफांच्या माऱ्याच्या आड काही येऊ नये, हा त्यामागचा लष्करी हिशेब होता. १८०४ च्या सुमारास ते चर्च पाडण्यात आले आणि भुलेश्वर भागात नवे चर्च उभारले गेले. जुन्या जागेची आठवण म्हणून एक दगडी क्रूस मात्र राहिला. आज आपण ज्याला क्रॉस मैदान म्हणतो, त्याचे नाव या क्रुसावरून पडले. गाडी पकडण्याच्या घाईत त्याच्या जवळून हजारो माणसे जातात. हा क्रूस जेव्हा उभारला गेला तेव्हा समुद्राचा वारा थेट त्याच्यावर येत असेल. मध्ये एकही इमारत नव्हती.

पहिला लोभ

समुद्र हटवून जमीन करणे ही मुंबईची जुनी सवय होय. सात बेटांचे हे शहर भराव घालूनच एकसंध झाले. पण सुरुवातीचे भराव गरजेपोटी घातले गेले. भरतीचे पाणी आत शिरू नये, दलदल हटावी, माणसांना एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाता यावे, हा त्यामागील उद्देश होता. बॅक बेची गोष्ट निराळी आहे. तिथे समुद्राकडे प्रथमच ‘विकायची जमीन’ म्हणून पाहिले गेले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील राज्यांचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि गिरण्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. मुंबईत अक्षरशः पैशाचा पाऊस पडला. हा पैसा गुंतवायचा कुठे? बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या आणि त्या सगळ्यांत गाजली ती बॅक बे भरावाची कंपनी. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे धनाढ्य त्या काळच्या सट्ट्याचे सूत्रधार होते. पाच हजार रुपये भरलेल्या एका भागाची किंमत बाजारात पन्नास हजारांपर्यंत चढली. जी जमीन अजून समुद्राच्या तळाशी होती, तिच्यावर लोक श्रीमंत होत होते!

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपत आल्याची वार्ता फुटली आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा सौद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस होता. त्या दिवशी मुंबईतील कित्येक प्रतिष्ठित घराणी रस्त्यावर आली. बॅक बे कंपनीही बुडाली. तिने घातलेल्या थोड्याशा भरावावरून पुढे रेल्वेचे रूळ कुलाब्याकडे गेले. एवढीच त्या सोनेरी स्वप्नाची शिल्लक राहिली.

केनेडी सी फेस

यानंतर बराच काळ बॅक बे शांत राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने उत्तरेकडील, म्हणजे गिरगाव चौपाटीपासून मरीन लाइन्सच्या बाजूचा किनारा बांधून काढण्याचे काम हाती घेतले. १९१५ च्या डिसेंबरात काम सुरू झाले आणि १९२० मध्ये ते पुरे झाले. या पट्ट्याचे नाव होते केनेडी सी फेस. या नावाचा आणि १९१५ सालाचा कोरीव दगड उत्तर टोकाशी अजून पाहावयास मिळतो. म्हणजे मरीन ड्राइव्ह हा एकाच वेळी बांधलेला रस्ता नव्हे. त्याचा उत्तरेकडील भाग वयाने थोरला आणि दक्षिणेकडील धाकटा आहे.

या थोरल्या भागातच जिमखाने आहेत. पारशी, इस्लाम, हिंदू अशी ही रांग आहे, आणि त्याच रांगेत १९१२ मध्ये स्थापन झालेला आपला कॅथोलिक जिमखानाही आहे. इंग्रजी अमलात क्रिकेटही धर्मवार खेळले जाई. १९३७ मध्ये मुंबईची सुप्रसिद्ध चौरंगी स्पर्धा पंचरंगी झाली तेव्हा हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन या संघांना ‘रेस्ट’ म्हणजे ‘उरलेले’ हा पाचवा संघ येऊन मिळाला. हिंदी ख्रिस्ती खेळाडूंचे स्थान त्या ‘उरलेल्यां’त होते. या संघातील एका मराठी ख्रिस्ती खेळाडूची कथा पुढे येणार आहे.

लॉईडसाहेबांची योजना

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची भीषण टंचाई झाली. १९१८ च्या अखेरीस सर जॉर्ज लॉईड गव्हर्नर म्हणून आले. माणूस महत्त्वाकांक्षी होता. १९२० मध्ये त्यांनी एक स्वतंत्र विकास खाते निर्माण केले आणि त्याच्याकडे दोन प्रचंड कामे सोपविली. पहिले काम म्हणजे गिरणी कामगारांसाठी चाळी बांधणे. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविण्यात आला. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथील २०७ बीडीडी चाळी त्यातूनच उभ्या राहिल्या. दुसरे काम म्हणजे बॅक बेचा समुद्र हटवून ११४५ एकर जमीन तयार करणे.

या दोन कामांतील अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. एकाच खात्याने, एकाच दशकात कामगाराच्या कुटुंबासाठी १६० चौरस फुटांची एक खोली आणि सामाईक नळ-शौचकूप अशी सोय केली, आणि त्याच खात्याने श्रीमंतांसाठी समुद्रासमोरील भूखंड आखले. बीडीडी चाळींतील एकेका खोलीत तीन-तीन पिढ्या वाढल्या. त्यांत कोकणातून, घाटावरून आलेली माणसे होती. त्यांनी मरीन ड्राइव्हवर घर घेतले नाही, पण रविवारी संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन ती कट्ट्यावर येऊन बसली. या गोष्टीकडे मी पुन्हा वळणार आहे.

भरावाची योजना कागदावर सुबक होती. बॅक बेच्या समुद्राचे आठ विभाग पाडले होते. बाहेरून दगडी भिंत बांधायची, बंदराच्या बाजूचा गाळ ड्रेजरने उपसून नळांवाटे भिंतीच्या आत सोडायचा, गाळ सुकला की जमीन तयार! भिंतीसाठी दगड कांदिवलीच्या डोंगरातून रेल्वेने येत असे. प्रत्यक्षात ड्रेजरकडून अपेक्षेएवढा गाळ निघेना. जो निघे त्यातील काही भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रात जाई. दिवसा आत टाकावे आणि भरती-ओहोटीने ते बाहेर न्यावे, असा खेळ चालला. खर्चाचे आकडे वर्षागणिक फुगत गेले. मुंबईकरांनी या योजनेला ‘लॉईडचा मूर्खपणा’ असे नाव ठेवले. लॉईडसाहेब १९२३ मध्ये आपली मुदत संपवून निघून गेले. कर्ज मात्र जनतेच्या माथी राहिले.

एक माणूस उभा राहिला

अशा वेळी एक पारशी वकील पुढे आला. खुर्शेद फ्रामजी नरीमन हे त्याचे नाव. १८८३ साली जन्मलेले नरीमन मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद होते. बॅक बेच्या कामात पैशाची उधळपट्टी आणि गैरव्यवहार चालू आहे, असा आरोप त्यांनी सभागृहात आणि वर्तमानपत्रांतून उघडपणे केला. हे लिहिणे आज सोपे वाटते. पण ते साल होते १९२५-२६. समोर ब्रिटिश सरकार होते आणि ज्यांच्यावर आरोप केले ते मोठ्या हुद्द्यावरचे गोरे अधिकारी होते.

विकास खात्यातील हार्वे नावाच्या एका बड्या अभियंत्याने नरीमन यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. नरीमन डगमगले नाहीत. त्यांनी माफी मागितली नाही, की शब्द मागे घेतले नाहीत. खटला दीर्घकाळ चालला. अनेक कागदपत्रे उजेडात आली आणि १९२८ मध्ये नरीमन निर्दोष ठरले. दरम्यान १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. अखेर योजना आवरती घेण्यात आली. आठांपैकी पहिला, दुसरा, सातवा आणि आठवा एवढेच विभाग पुरे करण्यात आले. ११४५ एकरांच्या स्वप्नातून १९२९ पर्यंत सुमारे ४४० एकर जमीन हाती आली. त्यातील निम्म्याहून अधिक कुलाब्याच्या बाजूला लष्कराकडे गेली. उरलेल्या जमिनीच्या कडेने जो रस्ता आखला गेला, तो जुन्या केनेडी सी फेसला जोडला गेला आणि आजचा मरीन ड्राइव्ह पूर्ण झाला.

लोक त्यांना ‘वीर नरीमन’ म्हणू लागले. मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. १९३५-३६ मध्ये ते मुंबईचे महापौर होते. परंतु सार्वजनिक जीवनात ज्याने एकदा स्पष्ट बोलण्याची सवय लावून घेतली, त्याची वाट सोपी नसते. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले तेव्हा मुख्यमंत्रिपदासाठी नरीमन यांचे नाव घेतले जात होते, पण निवड बाळासाहेब खेर यांची झाली. आपल्यावर अन्याय झाला, अशी तक्रार नरीमन यांनी सरदार पटेलांविरुद्ध केली. गांधीजी आणि बहादूरजी यांनी केलेल्या चौकशीचा निष्कर्ष नरीमन यांच्या विरुद्ध गेला. त्यानंतर ते काँग्रेसमधून दूर फेकले गेले. १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वादात कोण किती चुकले, याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण बॅक बेच्या प्रकरणी त्यांनी दाखविलेले धैर्य त्या वादामुळे उणे होत नाही.

रत्नहाराची घडण

१९३० च्या अखेरीस कुलाब्याचे रेल्वे स्थानक बंद झाले आणि चर्चगेट हे शेवटचे स्थानक ठरले. जागतिक मंदीचे दिवस होते. नव्या भूखंडांना सुरुवातीला गिऱ्हाईक मिळणेही कठीण झाले. परंतु १९३५ नंतर मात्र इमारती झपाट्याने उठू लागल्या. सिमेंट आणि लोखंडी सळ्यांचे काँक्रीट हे नवे साधन हाती आले होते. त्यामुळे जड दगडी कमानींऐवजी गोलाकार सज्जे, लांब आडव्या रेषा, जहाजाच्या डेकसारख्या गच्च्या असे नवे रूप शक्य झाले. या शैलीला ‘आर्ट डेको’ म्हणतात. इमारतींची उंची सारखी राहील असे बंधन होते. म्हणून तर ती रांग आजही एका सुरात गाणाऱ्या गायनवृंदासारखी भासते.

या शैलीचा एक श्रेष्ठ वास्तुविशारद मराठी होता, हे आपल्याला अभिमानास्पद आहे. गजानन बाबुराव म्हात्रे हे त्यांचे नाव. मरीन ड्राइव्हवरील १९३७ ची ‘सूना महल’ ही कोपऱ्यावरची देखणी इमारत त्यांचीच निर्मिती होय. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडील इमारतींबरोबर मरीन ड्राइव्हवरील समुद्राभिमुख रांगेचाही समावेश झाला. ज्या योजनेला शहराने ‘मूर्खपणा’ म्हटले, तिचेच उरलेले तुकडे ऐंशी-नव्वद वर्षांनी जगाचा ठेवा ठरले!

याच भरावाच्या जमिनीवर १९३७ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले. तेथे १९४३ च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ‘रेस्ट’ संघाचा डाव ३८७ धावांवर आटोपला. त्यांपैकी ३०९ धावा एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. हजारे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती. समोर हिंदूंचा बलाढ्य संघ होता. ‘उरलेल्यां’चा तो सामना हरला, पण हजाऱ्यांच्या त्या खेळीला सर्व धर्मांच्या प्रेक्षकांनी दाद दिली. धर्मवार क्रिकेट नसावे, असे गांधीजींनी १९४० मध्येच सांगितले होते. १९४६ नंतर ही स्पर्धा इतिहासजमा झाली.

त्यानंतरचा एक प्रसंग आपल्या घराघरांत सांगितला जातो. डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईत आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. सोहळ्याचे मुख्य स्थान ओव्हल मैदान होते. माझी आजी त्या गर्दीत होती. पोप तिला दिसले ते एका पांढऱ्या ठिपक्याएवढे. पण ती नेहमी सांगे की संध्याकाळी परतीच्या गाडीला उशीर होता म्हणून सारी मंडळी समुद्राच्या कट्ट्यावर जाऊन बसली, बरोबर आणलेल्या भाकऱ्या सोडल्या आणि शेजारी बसलेल्या एका अनोळखी मुसलमान कुटुंबाने त्यांना प्यायला पाणी दिले. तिच्या लेखी त्या दिवसाच्या दोन आठवणी होत्या : पोपमहाशयांचा आशीर्वाद आणि त्या माणसांचे पाणी.

नावाचा उपहास

इतिहास कधीकधी फार कडवट थट्टा करतो. बॅक बेचे जे विभाग १९२९ मध्ये सोडून दिले होते, त्यांतील काही भागांवर स्वातंत्र्यानंतर पुन्हा भराव पडला. विशेषतः १९६० आणि १९७० च्या दशकांत मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाशी उंच उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या. एअर इंडियाची इमारत १९७४ ची. या भागाला नाव दिले गेले नरीमन पॉइंट! समुद्राच्या जमिनीवरील गैरव्यवहाराविरुद्ध ज्याने लढा दिला, त्याचे नाव देशातील सर्वांत महागड्या जागांपैकी एका जागेला मिळाले. इतकेच नव्हे, तर येथील भूखंड जाहीर लिलाव न करता दिले गेले, अशी तक्रार घेऊन १९७४ मध्ये पिलू मोदी आणि इतरांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. मोदी हेही पारशी आणि लोकप्रतिनिधी होते. जणू नरीमन यांचे अर्धवट राहिलेले काम कुणीतरी पुढे उचलले.

आणि ज्यांचा हा समुद्र होता ते कोळी बांधव? मुंबईच्या मूळ रहिवाशांपैकी ते एक. प्रत्येक भरावाने त्यांची होडी लावण्याची जागा थोडी आणखी पुढे ढकलली. समुद्राच्या ‘रिकाम्या’ पाण्याला नकाशात मालक नसतो. पण तेथे जाळे टाकणाऱ्याला ते पाणी रिकामे कधीच नव्हते.

कट्टा

आता पुन्हा त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू या. इथे बसायचे किती पैसे?

बॅक बेतून जी जमीन निघाली तिचा हिशेब मांडला तर असे दिसते की लष्कराला जागा मिळाली, बिल्डरांना मिळाली, कंपन्यांना मिळाली, क्लबांना मिळाली. या सर्व जागांना कुंपण आहे, दारावर पहारेकरी आहे. विकली न गेलेली एकच गोष्ट राहिली : समुद्राच्या काठाने वळत जाणारा, साडेतीन किलोमीटरच्या आसपासचा हा कट्टा आणि त्यालगतची पायवाट. तिला कुणी मालक नाही, म्हणून ती सर्वांची आहे. आणि गंमत पाहा, शेजारच्या सदनिकांची किंमत ज्या दृश्यामुळे वाढते, ते दृश्य कट्ट्यावर बसणाऱ्याला पैशाविना मिळते. धर्मवार जिमखान्यांच्या समोर हा कट्टा आहे, पण त्याच्यावर धर्मवार जागा नाहीत. बीडीडी चाळीतील कामगार, कॉलेजची मुले, निवृत्त न्यायाधीश, चणेवाला, परीक्षेत नापास झालेला तरुण, इस्पितळातून थेट इथे येऊन मूकपणे समुद्राकडे पाहणारी बाई, हे सारे एकाच दगडावर बसतात.

पुढे लाटांचा मारा अडवण्यासाठी कट्ट्याबाहेर चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे रचण्यात आले. त्यांना टेट्रापॉड म्हणतात. ते एकमेकांत असे अडकून बसतात की लाट त्यांच्या फटींत शिरून फुटते आणि तिचा जोर भिंतीवर येण्यापूर्वीच ओसरतो. एकेकटा ठोकळा लाटेने हलू शकेल, पण गुंतलेली रांग हलत नाही. रस्त्यालाही नवे नाव मिळाले, नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग. लोकांच्या तोंडी मात्र मरीन ड्राइव्हच राहिले. रात्री मलबार टेकडीवरून पाहिले की दिव्यांची वळणदार रांग कंठातील हारासारखी दिसते, म्हणून तिला राणीचा रत्नहार म्हणू लागले. २०१५ च्या सुमारास जुने पिवळसर दिवे काढून पांढरे एलईडी दिवे लावले गेले तेव्हा सामान्य मुंबईकर हळहळले, रागावले. दिव्यांच्या रंगासाठी माणसे का भांडली? कारण ही गोष्ट आपली आहे, अशी त्यांची भावना होती. मालकीचा कागद नसतानाही वस्तू आपली वाटणे, यालाच मी खरी सार्वजनिक मालमत्ता म्हणतो.

मार्च २०२४ मध्ये सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. मलबार टेकडीखालून बोगद्यांवाटे येणारा तो मार्ग मरीन ड्राइव्हला येऊन मिळतो. त्यासाठी मुंबईच्या समुद्रात पुन्हा भराव पडला. पण यावेळी दोन गोष्टी वेगळ्या घडल्या. भराव घातलेल्या जमिनीचा निवासी किंवा व्यापारी वापर होणार नाही, अशी अट घातली गेली. आणि वरळीच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांच्या वाटेसाठी आग्रह धरल्यावर पुलाच्या खांबांमधील अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करण्याचे मान्य झाले. त्यांची मागणी याहून अधिक होती, हे खरे. तरी शंभर वर्षांपूर्वी कोळ्याला कुणी विचारलेही नव्हते. ही अट पुढील पन्नास वर्षे पाळली जाते की नाही, हे पाहणे आता आपले काम आहे. अटी कागदावर राहतात. त्या पाळून घ्यायला जागी माणसे लागतात.

वसईच्या वाचकांना हे सांगायला नको. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली तेव्हा प्रश्न तोच होता : जमीन, पाणी आणि झाडे ही विकण्याची वस्तू आहे की पुढच्या पिढीची ठेव? जुलै २०२४ मध्ये फादर आपल्यातून गेले. प्रश्न मात्र गेलेला नाही. आपल्या गावाची तळी, समुद्राकाठचे सुरूचे बन, मिठागराची जमीन, चर्चसमोरचे मोकळे पटांगण यांनाही कधीतरी कुणी भाव विचारणार आहे. काही ठिकाणी विचारलाही आहे. त्या वेळी बैठकीत कोण बोलेल आणि कोण मान खाली घालून बसेल, यावर आपल्या नातवंडांना बसायला कट्टा उरेल की नाही हे ठरेल.

त्या दिवशी मुलाला मी म्हटले होते, “काही नाही.” ते उत्तर अपुरे होते. आज तो भेटला तर सांगेन : “बाळा, पैसे भरून झालेले आहेत. कांदिवलीच्या डोंगरात दगड फोडणाऱ्या मजुरांनी ते भरले, कर देणाऱ्या जनतेने भरले, किनारा सोडून मागे सरलेल्या कोळ्यांनी भरले आणि खरे बोलण्याची किंमत मोजणाऱ्या एका वकिलानेही भरले. तू निर्धास्त बस. फक्त उठून जाताना ही जागा तुझ्यामागून येणाऱ्या मुलासाठी मोकळी ठेव.”